मनाची गाठ

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. "मनाचाबी अभ्यास असतो व्हय?" मी मानसशास्त्र घेतले तेव्हा आजीने विचारले होते. गेल्या वर्षी आईच्या छातीत गाठ निघाली आणि त्या प्रश्नाचे उत्तर मला घरातच शोधावे लागले.

शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी सुरू झाली. आईच्या औषधपाण्याची चौकशी करणारे पुष्कळ होते. मनाची विचारपूस मात्र कोणी करीत नव्हते. पुरुषमंडळी आजाराचे नाव न घेता 'तिचे ते दुखणे' म्हणत. केस गळाले तेव्हा आईने आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला. भेटायला येणाऱ्या बायका सांगत, "मन घट्ट कर. रडलीस तर दुखणं बळावतं." आई रडणेही चोरून रडू लागली.

याच सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांच्या कामाविषयी वाचले. स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या स्त्रियांचे त्यांनी गट केले. आठवड्यातून एकदा दीड तास त्या एकत्र बसत. मरणाची भीती, बदललेले शरीर, घरच्यांची काळजी, सारे मोकळेपणी बोलत. ८६ स्त्रियांच्या या अभ्यासात गटातल्या स्त्रिया सरासरी अधिक काळ जगल्या, असे १९८९ साली प्रसिद्ध झाले. मी हरखून गेले!

परंतु २००१ साली कॅनडातील २३५ स्त्रियांच्या अभ्यासाचा निष्कर्ष आला. आयुष्य वाढले नव्हते. मनाचा ताण मात्र हलका झाला होता, वेदनाही कमी जाणवत होत्या.

आधी मी खट्टू झाले. मग वाटले, यात केवढा दिलासा आहे! बोलल्याने आयुष्य वाढत नसेल, तर एखादी बाई बरी झाली नाही याचा दोष तिच्या 'कच्च्या' मनाला का द्यायचा? तिने खुशाल रडावे. मनावरचे उपचार आयुष्य लांबवण्यासाठी नसले, तरी हाती असलेला दिवस सुसह्य करतात. हे काय थोडे झाले?

मी हे आईला माझ्या भाषेत सांगितले. ती काहीच बोलली नाही. पुढच्या खेपेला दवाखान्याच्या बाकावर ती एका अनोळखी बाईशी तासभर बोलत बसली. दोघींचे डोळे ओले होते. परतताना एस.टी.त आई म्हणाली, "तिलाबी रात्री झोप लागत न्हाई गं."

त्या रात्री आईला झोप लागली.