हाफिजजींबरोबर अक्कलकुव्याला

गेल्या नोव्हेंबरात आमच्या मशिदीला नवे इमाम मिळाले. वय बावीस, गाव बिहारच्या सिवान जिल्ह्यातलं. छपऱ्याहून ताप्ती-गंगा एक्स्प्रेसने दीड दिवस प्रवास करून ते नंदुरबार स्टेशनवर उतरले, तेव्हा त्यांना आणायला आम्ही दोघं गेलो होतो. हातात पत्र्याची पेटी, खांद्यावर रजई आणि एका पिशवीत अम्मीने बांधून दिलेलं सत्तू. सलाम-दुवा झाली आणि स्टेशनाबाहेर पडून थोडं अंतर जातो न जातो तोच हाफिजजींना शिंका सुरू झाल्या. त्या दिवसांत नंदुरबारच्या आसपास मिरचीच्या पथाऱ्या लागलेल्या असतात. नजर पोचेल तिथपर्यंत जमीन लाल. आम्हाला त्या खकाण्याचं काही वाटत नाही. त्यांनी रुमाल नाकाला लावून विचारलं, “मास्टर साहब, इतनी मिर्च खाता कौन है?” आम्ही नुसते हसलो. उत्तर त्यांना त्याच रात्री ताटात मिळालं.

प्रकाशाच्या पुलावरून तापी दिसली तेव्हा मात्र त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि नदी संपेपर्यंत बोलले नाहीत.

आमचं गाव शहादा तालुक्यात आहे. मुसलमानांची घरं थोडी, मशीद लहान. इमामांच्या जेवणाची पाळी घराघरांत फिरते. आज या घरचा डबा, उद्या त्या घरचा. पद्धत जुनी आहे आणि तिच्यात मोहब्बतही आहे, पण पाळीने आलेल्या डब्याला पाहुण्याच्या जिभेची ओळख नसते. हाफिजजी भाताच्या मुलखातले. इथे कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, शेवभाजी, वर ठेचा. डबे अर्धे परत जाऊ लागले. दोन आठवड्यांत बायकांत बोलणं सुरू झालं की नव्या हाफिजजींना आपलं जेवण पसंत नाही, नखरे आहेत. खरं काय ते आमच्या मुलीमुळे कळलं. ती सबक घ्यायला मशिदीत जाते. तिने घरी येऊन सांगितलं, “अम्मी, हाफिजजी रात्री पाण्यात सत्तू कालवून पितात. आता पिशवी संपलीये.”

भाषेचं दुखणं वेगळंच. उर्दू येते म्हणजे इथे भागेल असं त्यांना वाटलं होतं. मशिदीत भागतंही. मशिदीबाहेर पाऊल टाकलं की अहिराणी, गुजरी, देहवाली, पावरी आणि सरकारी कामाला मराठी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या जिल्ह्यात शंभरातले एकोणसत्तर लोक आदिवासी आहेत, त्यांच्या बोली तालुक्यागणिक बदलतात. आम्हालाही सगळ्या येत नाहीत. हाफिजजींना पहिला धक्का बसला तो आपल्याच माणसांकडून. आपल्याकडे निरोप घेताना “जातो” म्हणत नाहीत, “येतो” म्हणतात. उर्दू बोलतानाही आपण “अच्छा, आता हूँ” म्हणूनच उठतो. इशाच्या नमाजनंतर कोणी तरी हुजऱ्यात दोन मिनिटं बसायचं आणि “आता हूँ” म्हणून निघायचं. हाफिजजी बिचारे स्टोव्हवर चहाचं आधण ठेवून वाट पाहत बसायचे. आठ दिवस त्यांना वाटत होतं, या गावची माणसं शब्द पाळत नाहीत.

दोन वर्षांत तीन इमाम आमच्या गावातून निघून गेले. त्यामुळे हे किती दिवस टिकतील यावर चौकात थट्टेने पैजा लागत होत्या. पगार किती ते लिहायची आम्हाला लाज वाटते. आमच्या दोन मुलांच्या शिकवणीवर आम्ही याहून जास्त खर्च करतो.

पाचव्या आठवड्यात ते फजरनंतर आमच्याकडे आले आणि छपऱ्याच्या गाडीची वेळ विचारू लागले. आम्ही वेळ सांगितली आणि म्हटलं, रविवारी आधी अक्कलकुव्याला जाऊन येऊ. तिथल्या जामियात तुमच्याकडची मुलं आहेत, भेटून या. त्या दिवशीची इमामत गावातल्या एका बुजुर्गांनी अंगावर घेतली.

शहाद्याहून तळोदामार्गे अक्कलकुव्याला जाणारा रस्ता हा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्ग. डाव्या हाताला पपई, केळी, उसाची सपाट काळी जमीन आणि उजव्या हाताला सातपुडा, सगळी वाट सोबत. डिसेंबरच्या सकाळी डोंगर निळसर धुक्यात असतात आणि त्यातून डोक्यावर सरपणाचे भारे घेतलेल्या बाया रस्त्याला उतरतात. एसटीत गर्दी होती. दाराजवळ उभ्या असलेल्या हाफिजजींना कंडक्टर ओरडला, “अहो मौलाना, खाली बसा, खाली!” हाफिजजी खाली सीट कुठे आहे ते शोधू लागले. रिकामी एकही नव्हती. त्यांनी अगदी अदबीने सांगितलं, “जनाब, खाली तो कोई नहीं है.” अख्खी बस हसली. त्यांचा चेहरा उतरला तसे आम्हीही सरकून त्यांच्याबरोबर पेटीवर बसलो आणि या मुलखात ‘खाली’ म्हणजे ‘नीचे’ हे समजावलं.

हसणं ओसरल्यावर आम्ही हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) यांची गोष्ट काढली. ती त्यांना आमच्यापेक्षा चांगली ठाऊक होती, म्हणून आम्ही त्यांनाच सांगायला लावली. मक्केतला उंची कपडे आणि अत्तर वापरणारा देखणा तरुण. इस्लाम स्वीकारला म्हणून आईनेच कोंडून ठेवलं. तिथून निसटून हबशा, मग पुन्हा मक्का. इसवी सन ६२१ मध्ये अकबाच्या घाटीत यसरिबच्या बारा जणांनी बैअत केली, तेव्हा कुरआन शिकवायला पैगंबर (स.) यांनी त्यांच्याबरोबर या तरुणाला पाठवलं. परक्या गावात एकटा. उसैद बिन हुजैर भाला घेऊन अंगावर आले, तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं की जरा बसून ऐका, पटलं तर घ्या, नाही तर आम्ही निघून जातो. पुढच्या हजला यसरिबहून सत्तरावर माणसं बैअत करायला आली. उहुदच्या रणात शहीद झाले, तेव्हा कफनाची चादर इतकी तोकडी होती की डोकं झाकलं तर पाय उघडे पडत. शेवटी पायांवर इज़खिर गवत घातलं. इथे येऊन हाफिजजींचा आवाज बदलला. थोड्या वेळाने म्हणाले, “मगर मास्टर साहब, उनकी ज़बान तो वही थी. मदीना वाले भी अरबी ही बोलते थे.”

हे आम्हाला सुचलं नव्हतं. वर्षानुवर्षं ही गोष्ट मुलांना सांगतो, पण या अंगाने कधी पाहिलं नाही. मग आम्ही आम्हाला सुचलं ते सांगितलं. यसरिबमध्ये मुसअब (रजि.) उतरले ते असअद बिन जुरारा (रजि.) यांच्या घरी. कोणाकडे जायचं, कोण कोणाचा नातलग, कोणता सरदार वळला तर सगळी वस्ती वळेल, हे त्यांना असअद (रजि.) सांगत. आपण सांगताना नेहमी पाहुण्याचीच गोष्ट सांगतो. यजमान हिजरतीनंतर पहिल्याच वर्षी वारले आणि आपल्या वाअजांतही मागे पडले. बोलता बोलता आमच्या लक्षात आलं की गावातून गेलेल्या त्या तिन्ही इमामांच्या वेळी असअद (रजि.) यांची जागा आमचीच होती आणि ती आम्ही रिकामी ठेवली होती. हे मात्र हाफिजजींना बोलून दाखवलं नाही.

परक्या भाषेत उतरलेल्यांची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. फादर स्टीफन्स हे इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्याला आले, मराठी शिकले आणि १६१६ मध्ये त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं, तेही ओव्यांत. स्वीडनहून आलेले मिशनरी याच पश्चिम खानदेशात राहिले. त्यांचा दीन वेगळा, पण भाषा शिकण्याची चिकाटी घेण्यासारखी. आमच्या बीएडच्या वर्गात ‘मुलाच्या मातृभाषेतून सुरुवात करा’ हे पाठ करून घेतलं होतं. शिक्षकाला त्या मातृभाषेत कोण शिकवणार, हे पुस्तकात नव्हतं.

अक्कलकुवा तसं लहान गाव, पण बाजारात उभं राहिलं की किती मुलखांची माणसं दिसतात! डोंगरातून उतरलेले भिल्ल-पावरा, गुजरातकडचे व्यापारी आणि बलुचिस्तानातल्या मकरानहून पूर्वी शिपाईगिरीसाठी आलेले मकराणी, जे आता पुरते इथलेच झालेत. मौलाना गुलाम मुहम्मद वस्तानवीसुद्धा बाहेरचेच. जन्म १९५० चा, सुरत जिल्ह्यातल्या कोसाडीचा. घराणं नंतर वस्तानला गेलं, त्यावरून वस्तानवी. सहारनपूरच्या मजाहिर उलूममधून शिकून ते भरूचजवळ कंथारियाला शिकवत होते. तिथून या डोंगराळ भागात आले आणि १९७९ मध्ये मदरसा सुरू केला. सहा विद्यार्थी, एक उस्ताद. मौलाना तेव्हा तिशीच्या आतले होते. आज जामिया इस्लामिया इशाअतुल उलूममध्ये हजारो मुलं आहेत, हिफ्जपासून युनानी आणि फार्मसीपर्यंत तालीम आहे, आणि जालन्याजवळ बदनापूरला याच संस्थेचं मेडिकल कॉलेज. २०११ मध्ये काही महिने ते देवबंदचे मोहतमिमही होते. मे २०२५ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. आम्हाला मात्र त्या आवारात उभं राहून मोठ्या इमारतींपेक्षा त्या सहा मुलांचीच आठवण येत राहिली. सहा मुलं आणि एक उस्ताद म्हणजे रोज दोन्ही वेळ सात ताटं. कोणाच्या तरी चुलीवर ती शिजलीच असतील.

जोहरच्या नमाजनंतर सिवान-गोपालगंजची चार-पाच मुलं भेटली. एकाने लांबूनच हाक मारली, “का हाल बा?” पाच आठवड्यांत आम्ही पाहिला नव्हता असा हाफिजजींचा चेहरा तेव्हा पाहिला. भोजपुरीत काय काय बोलणं झालं ते सगळं कळलं नाही, मधूनमधून ‘मिरचाई’ तेवढं ऐकू येत होतं. त्यातला एक मोठा मुलगा पाच वर्षांपासून इथे आहे. तो आमच्याकडे वळून चक्क मराठीत म्हणाला, “सर, यांना रोज वाटीभर दही द्या. भात नसला तरी चालतो, दही पाहिजे.” पाच आठवडे गावातल्या पंधरा घरांना जे सुचलं नाही ते या पोराने उभ्या उभ्या सांगितलं.

परतीच्या बसमध्ये हाफिजजींनी गाडीची वेळ विचारली नाही. तळोद्याच्या स्टँडवर बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाले, “ये ‘ळ’ क्या है? हमारे यहाँ नहीं होता.” तळोदा ते शहादा आमची मुलगी त्यांच्याकडून ‘ळ’ म्हणवून घेत होती. जमला नाही, अजूनही नीट जमत नाही. पण आता रोज मगरिबनंतर आधी ती त्यांना सबक सुनावते, मग ते तिच्यासमोर पहिलीचं बालभारतीचं पुस्तक उघडतात. चुकले की ती ओरडते. त्याबद्दल आम्ही तिला एकदा दटावलं, तर तेच म्हणाले, राहू द्या, उस्ताद आहे.

दह्याची गोष्ट आम्ही घरोघर जाऊन सांगितली. एक-दोन घरांत नाकं मुरडली गेली, बाकी डब्यांबरोबर आता वाटी येते. कोणी “आता हूँ” म्हणून उठलं की हाफिजजी “या” म्हणतात आणि स्टोव्ह विझवतात.

रमजान तोंडावर आला आहे. ईदनंतर घरी जायचं त्यांचं तिकीट गेल्या आठवड्यात निघालं. येण्याचं काढलेलं नाही. आम्ही विचारलं तर म्हणाले, “अम्मी से पूछकर.” मशिदीच्या ट्रस्टींना आम्ही सुचवलं की येण्याचं तिकीट गावाने काढून आत्ताच त्यांच्या हातात द्यावं, आणि पगाराचंही बोलून घ्यावं. पुढच्या जुम्म्याला बैठक आहे. तिच्यात बघू, म्हणाले.