तटावरून ऐकू येणाऱ्या यात्रा

चैत्र लागला की आमच्या गडाखालच्या गावांना कंठ फुटतो. पाडवा झाला की आज या गावची यात्रा, परवा त्या वाडीची म्हाई, कुठे उरूस, असं जे सुरू होतं ते पार वैशाखातल्या पौर्णिमेपर्यंत चालतं. पन्हाळ्यावर राहण्याचा एक फायदा असा, की रात्रीची जेवणं आटोपून तटाच्या कडेला थोडा वेळ उभं राहिलं तर वाऱ्याच्या मर्जीप्रमाणे एखाद्या गावचं भजन, एखाद्या गावची हलगी, नाहीतर एखादा ऑर्केस्ट्रा वर येतो. कधीकधी दोन गावं एकदम ऐकू येतात. मग उजव्या कानाला मृदंग आणि डाव्या कानाला सिनेमातलं गाणं, अशी गंमत होते.

परवा माझी एक मैत्रीण लेकीकडे परदेशात जाऊन आली. तिथल्या एका छोट्याशा गावात उन्हाळाभर दर आठवड्याला बागेत गाण्याचा कार्यक्रम असतो. दर वेळी वेगळ्या तऱ्हेचं संगीत, आणि लोक घरून खुर्च्या घेऊन येतात. तिला ते फार आवडलं. "आपल्याकडं असं काही का गं नसतं?" असं ती म्हणाली. मी म्हटलं, अगं, आपल्याकडं असतं की! फक्त त्याचं पत्रक निघत नाही आणि आपण त्याला संगीत म्हणत नाही, यात्रा म्हणतो.

पत्रक नसलं तरी वेळापत्रक आहे, आणि ते मोठं विचारानं बांधलेलं आहे. ऊस कारखान्याला गेलेला असतो, रब्बीचं धान्य घरात आलेलं असतं, रोहिणीचा पाऊस अजून लांब असतो. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे आणि चार दिवस, दोन्ही एकाच वेळी असण्याचा काळ वर्षात एवढाच. पूर्वी वीज नव्हती, त्यामुळे पुष्कळ यात्रा पौर्णिमेच्या आगेमागे. शिवाय प्रत्येक गावची तिथी वेगळी. म्हणजे वाजंत्र्यांना आणि तमाशाच्या फडांना एका गावाहून दुसऱ्या गावी जाता यावं, आणि पाहुण्यांना सगळ्यांकडं जेवायला पोचता यावं! फक्त एकाच गोष्टीचा विचार कुणी केला नव्हता, तो म्हणजे शाळेच्या वार्षिक परीक्षेचा. आमचे पेपर एप्रिलात, निकाल १ मे रोजी. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर असला की अर्धा वर्ग बाकावर मान टाकून झोपलेला. मी कुणाला उठवून रागवायची नाही. फक्त जाता जाता पेपर डोक्याखालून काढून बाजूला ठेवायची, लाळ गळायला नको म्हणून.

आता या मैफलींत काय काय असतं ते नातवंडांसाठी सांगते, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी यातलं निम्मंही ऐकलेलं नाही. सकाळी देवळात सनई. दुपारी पालखीपुढं हलगी, घुमकं, झांज. संध्याकाळी धनगरांचे ढोल. रात्री सोंगी भजन. हे आमच्या कोल्हापूर-सांगलीकडचं खास. अभंग-गवळणी म्हणता म्हणता मंडळी सोंगं घेऊन मधे उतरतात आणि भजनाचंच नाटक होतं. कुठं भेदिक शाहिरी, म्हणजे कलगी आणि तुरा. कलगीवाले शक्तीला मोठं म्हणणारे, तुरेवाले शिवाला. एका पक्षानं पुराणातलं कोडं घालायचं, दुसऱ्यानं डफावर थाप मारून जागच्या जागी उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर नाचक्की. कुठं कीर्तन. त्या कीर्तनात एखादी मोरोपंतांची आर्या आली की आम्हां गडकऱ्यांची मान ताठ होते, कारण पंतांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्याचा. आणि शेवटी तमाशा. गण, गवळण, बतावणी आणि मग तांबडं फुटेपर्यंत वग.

या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे समोरच्या डोंगरावरची जोतिबाची चैत्र पौर्णिमेची यात्रा. निनाम पाडळीच्या मानाच्या सासनकाठीपासून शंभराच्या घरात सासनकाठ्या येतात. तीस-चाळीस फुटांची काठी एक गडी अंगावर तोलून नाचवतो, बाकीचे चारी बाजूंनी दोर धरून असतात. हलगी, पिपाणी, तुतारी यांच्या ठेक्यावर ती नाचते. लोक वर गुलालाकडं बघतात. मी मात्र नेहमी हलगीवाल्याकडं बघते. त्याचा ठेका चुकला तर नाचवणाऱ्याचा पाय चुकेल, आणि पाय चुकला तर काठी कुणाच्या तरी डोक्यावर येईल. सगळा भार त्याच्या मनगटावर असतो.

माझं माहेर गडाच्या पायथ्याचं. वडील भजनी मंडळात टाळ धरायचे, त्यामुळं भजनाला बायकामुलींना मज्जाव नव्हता, मागं बसायची परवानगी होती. तमाशाला मात्र नाही. तमाशा सुरू झाला की घराघरांची दारं लागायची आणि आम्ही सोप्यात वाकळा अंथरून पडायचो. पण आवाजाला कुणी दार लावावं! ढोलकी कडाडली की आई कूस बदलायची. तिनं आयुष्यात एकही तमाशा पाहिला नाही, पण तिला वग पाठ होते. राजाचा संवाद, प्रधानाचा संवाद, सोंगाड्याचे विनोदसुद्धा. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना ती ते आमच्यापुढं म्हणून दाखवायची आणि शेजारच्या काकू परातीवर ठेका धरायच्या. राजा दिसतो कसा हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून दर वर्षी तो तिनं नवा रंगवलेला असायचा.

कोल्हापूर हे गाण्याचं गाव आहे, हे आम्ही पुस्तकात शिकलो आणि पुढं शिकवलंही. देवल क्लब १८८३ पासूनचा. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते. महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर उभं केलं, तेच पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं. गडावर लता मंगेशकरांचा बंगला, आणि भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना त्यांनी ‘आनंदघन’ या नावानं दिलेलं संगीत, हाही आमच्या अभिमानाचा विषय. हे सगळं खरंच मोठं आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते नाट्यगृह जळालं तेव्हा मी टीव्हीपुढं बसून रडले. सगळा जिल्हा हळहळला, आणि ते पुन्हा उभं करायचं असं लगेच ठरलं. ते योग्यच झालं. पण एखाद्या गावची हलगी बंद पडते तेव्हा धूर दिसत नाही. पुढच्या वर्षी तिच्या जागी दुसरा आवाज आलेला असतो आणि काही गेलं हेसुद्धा कुणाच्या लक्षात येत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं बारा किल्ल्यांच्या यादीत आमचा पन्हाळा घेतला. आनंदच झाला. दगडांची नोंद झाली. या आवाजांची नोंद मात्र आपणच ठेवायला हवी.

दुसरा आवाज म्हणजे डॉल्बी. आमच्याकडं ट्रकवर रचलेल्या त्या भिंतीला हेच नाव आहे. खिडक्यांची तावदानं थरथरतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं. कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले थोडे दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, तेवढीच. नियम चांगलाच आहे. पण त्याचा फटका बसला कुणाला? डॉल्बी दुपारच्या मिरवणुकीत आपलं काम उरकून घेते. दहा वाजता बंद होतो तो तमाशा, आणि त्यातही कापला जातो तो वग, कारण तो शेवटी असतो. माझ्या आईला पाठ असलेला भाग नेमका तोच.

करोनात, २०२० आणि २०२१ साली, यात्रा बंद होत्या. जोतिबाचा डोंगरसुद्धा चैत्र पौर्णिमेला मुका. त्या दोन वर्षी तटावरून काहीच ऐकू आलं नाही. तेव्हा मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची फार आठवण व्हायची. त्याचे वडील गावचे हलगीवाले. पोरगा वर्गात बोटांनी बाकावर ठेका धरायचा. अजूनही काड पेटवून हलगीचं कातडं शेकतो आणि कानाशी नेऊन बघतो. हल्ली फायबरचं पान आलंय, ते शेकावं लागत नाही, पण तो म्हणतो, "बाई, त्याला बोलता येत न्हाई, नुसतं वरडतंय." तो दहावीनंतर शिरोलीच्या एका फाउंड्रीत लागला, पण चैत्रात रजा काढून वाजवतो. मागच्या वर्षी भेटला तेव्हा मी विचारलं, "मुलगा शिकला का रे वाजवायला?"

"येतंय त्याला. माझ्यापरास चांगलं येतंय. पण येत न्हाई यात्रंला."

"का? लाज वाटते?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "वाजवायची लाज न्हाई, बाई. वाजवून झाल्यावर कुठं बसायचं, त्याची लाज."

मला पुढचं विचारायची गरज पडली नाही. पालखीपुढं सगळ्यात पुढं हलगी, आणि पंगतीत सगळ्यात मागं, नाहीतर पंगतीबाहेरच हलगीवाला. हे मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. लोककला वाचवा म्हणून भाषणं करणाऱ्यांनी आधी हे बघायला हवं. ज्या कलेबरोबर असं पान वाढलं जातं, ती कला कॉलेजात शिकणाऱ्या पोरानं का म्हणून उचलावी?

यंदा पाडव्याआधी भाच्याचा फोन आला. तो यात्रा कमिटीत आहे. "आत्ती, माहेरवाशिणींची वेगळी वर्गणी काढलीया. तुमचं किती लिहू?" मी म्हटलं, आकडा सांगते, पण बैठकीला येऊन सांगते. आले. देवळात पंचवीस-तीस जण होते, निम्मे माझे विद्यार्थी आणि उरलेले विद्यार्थ्यांचे मुलगे. डॉल्बी आणायची की नाही यावर वाद चालला होता. एक पोरगा उभा राहिला. एमआयडीसीत कामाला आहे. म्हणाला, "बाई, वरीसभर मशिनीचा आवाज ऐकतोय. एक दिस आमचा आवाज करू द्या की." खरं सांगते, मला त्याचा राग आला नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. फक्त एवढंच मनात आलं, की डॉल्बीचा आवाज त्याचा कुठं आहे, तो भाड्यानं आणलेला आहे. पण ते मी बोलले नाही. भर बैठकीत पोराला गप्प करणं शाळेत ठीक होतं.

मी माझं मांडलं. पैसे देते, पण पावतीवर दोन ओळी लिहा. एक : हे पैसे हलगी-सनई आणि सोंगी भजनासाठी. दोन : वाजंत्र्यांचं जेवण मंडपात, सगळ्यांच्या पंगतीत, सगळ्यांबरोबर.

पहिल्या ओळीला कुणी काही बोललं नाही. दुसरीला शांतता. मग एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "बाई, आता तसलं काही राहिलेलं न्हाई गावात."

"मग लिहायला काय हरकत?" मी म्हटलं.

भाच्यानं इकडंतिकडं बघितलं आणि लिहिलं. अक्षर वाईट आहे, पण ओळ पुरी आहे.

बाकी ठरलं ते असं. मिरवणुकीत डॉल्बी आहे, पण ती शेवटी, आणि सूर्य मावळला की बंद. पुढं हलगी. पहिल्या रात्री सोंगी भजन, दुसऱ्या रात्री ऑर्केस्ट्रा. तमाशा रात्री नाहीच. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, झाडाखाली, कर्ण्याशिवाय. रात्र गेली याचं वाईट वाटतं, पण दिवसा असल्यामुळं बायका येणार आहेत, पुढं बसणार आहेत. वग पूर्ण करा, असं मी फडाच्या मालकाला सांगायला लावलंय.

तो हलगीवाल्याचा मुलगा येईल का, ते मला माहीत नाही. पावतीची झेरॉक्स काढून मी त्याच्या वडिलांकडं पाठवली आहे. यात्रा अजून बारा दिवसांवर आहे. तुमच्यापैकी ज्यांना सवड असेल त्यांनी जरूर या. उतरायला गडावर आमचं घर आहे. झालं की इथं लिहीनच.