"रोज बॅकअप घेतला जातो" म्हणजे नक्की काय होतं?

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" हे वाक्य आता तलाठी कार्यालयापासून बँकेपर्यंत आपल्या सगळ्यांना पाठ झालंय. पण सर्व्हर डाऊन असला की निदान उद्याची आशा असते. "डेटा उडाला" म्हटल्यावर उद्या जाऊनही उपयोग नसतो. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितोय. विषय कॉम्प्युटरचा वाटेल, पण तो आहे आपल्या घरपट्टीचा.

आमच्या भागातल्या एका नगरपालिकेत घरपट्टी विभागाच्या मुख्य कॉम्प्युटरची हार्डडिस्क गेली. (नाव लिहीत नाही. एका पालिकेला झोडपून हा विषय संपणारा नाही.) दोन आठवड्यांनी "काम पूर्ववत सुरू" असा बोर्ड लागला. पुढच्या महिन्यात थकबाकीच्या नोटिसा निघाल्या आणि त्या पैसे भरलेल्या लोकांनाही आल्या.

एसटीतून निवृत्त झालेले एक काका प्लॅस्टिकच्या पिशवीत पावत्या घेऊन खिडकीपाशी उभे होते. नऊ वर्षांच्या पावत्या होत्या, नेमकी गेल्या वर्षीची सापडत नव्हती. खिडकीतून उत्तर आलं, "काका, पावती आणा. आमच्या रेकॉर्डला तुम्ही थकबाकीदार दिसताय." थकीत घरपट्टीवर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते. म्हणजे रेकॉर्ड हरवलं ऑफिसचं आणि मीटर सुरू झालं काकांचं.

गंमत बघा, रोजच्या भरण्याची एकूण रक्कम बँकेच्या खात्याशी जुळत होती. पैसे पोचले होते. ते कुणी भरले, ती नावं तेवढी गेली होती.

मी माहिती अधिकारात विचारलं, बॅकअपची पद्धत काय? उत्तर आलं, "दैनंदिन बॅकअप घेण्यात येतो." उत्तर खोटं नव्हतं. कंत्राटी ऑपरेटर खरंच रोज संध्याकाळी पेनड्राईव्ह लावायचा. मग घोळ कुठे झाला? तो समजून घेण्यासारखा आहे, कारण तुमच्या ऑफिसातही तो आत्ता होत असू शकतो.

घरपट्टीचा सगळा हिशोब एका डेटाबेस फाईलमध्ये असतो. रोज नव्या पावत्या, नव्या नोंदी, म्हणून ती रोज बदलते आणि वाढते. बाजारातले बरेच पेनड्राईव्ह फॅट-32 या पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात. त्यावर 4 जीबी किंवा त्याहून मोठी एक फाईल बसतच नाही. पेनड्राईव्हवर 20 जीबी जागा मोकळी असली तरी नाही. एके दिवशी घरपट्टीच्या फाईलने ती हद्द ओलांडली. स्क्रीनवर इंग्रजीत एक सूचना यायची, ऑपरेटर 'ओके' दाबायचा. बाकीच्या छोट्या फाईली कॉपी व्हायच्या. मुख्य फाईलची जुनी प्रत तिथेच राहिली. हार्डडिस्क गेली तेव्हा ती प्रत 11 महिने जुनी होती.

मी त्या पोराला भेटलो. म्हणाला, "सर, मला पेनड्राईव्ह लावायला सांगितलं होतं. आत काय गेलं ते बघायला कुणी सांगितलंच नव्हतं." तुटपुंजा पगार, दर वर्षी संपणारं कंत्राट आणि शहरभराच्या घरपट्टीची जबाबदारी. त्याला दोष देऊन साहेब लोक मोकळे झाले. मला ते पटलं नाही.

दुसरा प्रकार याहून फसवा आहे. फाईल उघडी असताना, त्यात नोंदी चालू असताना ती नुसती कॉपी केली तर काही वेळा कॉपीच होत नाही. झाली तरी सुरुवातीचा भाग दुपारी 1 चा आणि शेवटचा 1 वाजून 10 मिनिटांचा, अशी अर्धवट प्रत तयार होते. नाव बरोबर, आकार बरोबर, पण उघडायला गेलं की उघडत नाही. म्हणून डेटाबेसचा बॅकअप त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या बॅकअपच्या सोयीनेच घ्यायचा असतो.

तिसरी समजूत, "आमचं सगळं क्लाऊडवर सिंक आहे." एक तर 6 जीबीची फाईल 10 एमबीपीएसच्या लाईनवरून पूर्ण वर चढवायला सगळं सुरळीत असलं तरी सव्वा तासाच्या वर लागतो. एका पावतीसाठी दर वेळी पूर्ण फाईल चढवत बसलात तर दिवस पुरत नाही, आणि मग कुणीतरी ते सिंक बंदच करून टाकतं. दुसरं म्हणजे सिंक हा आरसा आहे. इकडे फाईल खराब झाली की तिकडेही खराब. जुन्या आवृत्त्या वेगळ्या जपून ठेवल्या नसतील तर हाती काहीच राहत नाही.

यावरची पद्धत जुनी आणि साधी आहे. आठवड्यातून एकदा पूर्ण प्रत, रोज फक्त बदललेला भाग, आणि महत्त्वाच्या नोंदींसाठी तासातासाला. एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक इमारतीच्या बाहेर.

बाहेर का? 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली, कागद जळाले आणि सगळं डिजिटल करण्याचा आग्रह वाढला. योग्यच होतं. पण डिजिटलही जळतं. 26 सप्टेंबर 2025 ला दक्षिण कोरियात देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाईली जिथे साठवल्या जायच्या, तो 858 टेराबाइटचा साठा गेला. बाहेर प्रत नव्हती. कारण काय दिलं? आकार फार मोठा होता! कोरियासारख्या देशात हे होतं, तर आपल्या पालिकेच्या टेबलाखाली धूळ खात बसलेल्या सीपीयूची काय कथा.

उलट उदाहरणही आहे. 23 नोव्हेंबर 2022 ला दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. पाच सर्व्हरवरचा सुमारे 1.3 टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला, ओपीडीचं काम कागदावर करावं लागलं. हाल झालेच. पण एका बॅकअप सर्व्हरला धक्का लागला नव्हता. त्यावरून ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळवला, असं सरकारने संसदेत सांगितलं. एक शाबूत प्रत होती म्हणून रुग्णांच्या नोंदी वाचल्या.

आता कायद्याचं. माहिती अधिकार कायदा 2005, कलम 4. सार्वजनिक कार्यालयाने आपले अभिलेख नीट सूचीबद्ध करून जपायचे आहेत. सरकारी ऑफिसातून कागदी फाईल गहाळ झाली तर निदान चौकशी लागते, कधी गुन्हाही नोंदवला जातो. डेटा गेला की मात्र "तांत्रिक अडचण" म्हणून विषय मिटतो. हा फरक कशासाठी? कागदावरची नोंद माझी आणि कॉम्प्युटरमधली कुणाचीच नाही, असं आहे का?

म्हणून नगरसेवकांना, ग्रामसभेत, पतसंस्थेच्या वार्षिक सभेत "बॅकअप घेता का" असं विचारू नका. त्याचं उत्तर "हो" असंच येतं. हे तीन प्रश्न विचारा. सगळ्यात मोठ्या फाईलची शेवटची प्रत किती तारखेची आहे? ती इमारतीच्या बाहेर कुठे ठेवली आहे? आणि त्या प्रतीवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर डेटा परत उभा करून शेवटचं कधी पाहिलं? मी हा तिसरा प्रश्न त्या पालिकेला लेखी विचारला होता. उत्तर आलं, "सदर माहिती उपलब्ध नाही."

काकांनी शास्तीसकट पैसे पुन्हा भरले. म्हणाले, "हेलपाटे मारायचं वय राहिलं नाही आता." त्यांच्यासारख्या किती जणांनी दुसऱ्यांदा भरले, याचा हिशोब पालिकेकडे नाही.

तुमच्या गावात हे तीन प्रश्न विचारून बघा. काय उत्तर मिळतं ते कमेंटमध्ये लिहा. आणि तोवर पावत्यांची पिशवी टाकून देऊ नका.