गॅलरीतली मुलं

परवा रविवारी सकाळी चहा घेताना बाबा म्हणाले, "अरे, त्या मुलांना आत बोलाव. उन्हात उभी आहेत."

आमचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर. गॅलरीत एक तुळस आणि वॉशिंग मशीन, बाकी कुणी नाही.

बाबांना सात वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. मी घाबरून डॉक्टरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "होतं असं. आजारामुळे होतं, गोळ्यांमुळे वाढतं." त्यांनी आणखी एक गोळी चालू होती ती आधी बंद केली. मग मी सवयीप्रमाणे डॉक्युमेंटेशन वाचायला बसलो :)

पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. मग सरळ डोपामिनच का देत नाहीत? कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये चक्क फायरवॉल आहे, आणि डोपामिनला तिथून प्रवेश नाही. लेवोडोपा मात्र अमिनो आम्ल आहे, त्याला अमिनो आम्लांच्या दारातून आत जाता येतं. आत गेलं की एक एन्झाइम त्याचं डोपामिन करतं. हे काम बाहेरच होऊन वाया जाऊ नये म्हणून गोळीत सोबत कार्बिडोपा. जेवणातली प्रथिनंही त्याच दाराशी रांग लावतात, म्हणून बाबांची गोळी जेवणाआधी! आपल्याकडच्या खाजकुयलीच्या बियांतही लेवोडोपा असतं, हे मला नवीनच होतं.

पण खरी गंमत पुढे आहे. डोपामिन म्हणजे एक फेनेथिलामिन: बेंझिनची कडी, दोन कार्बनची शेपटी, टोकाला अमाइन. कडीवर दोन हायड्रॉक्सिल लावले की डोपामिन. त्याऐवजी तीन मेथॉक्सी लावले की मेस्कलिन, पेयोटी निवडुंगातलं, माणसाला नसलेलं दाखवणारं. आर्थर हेफ्टरने ते 1897 मध्ये वेगळं केलं. आणि कडी मोकळी ठेवून शेपटीला एक मिथाइल लावलं की अ‍ॅम्फेटामिन. कोड तोच, एखाददुसरी ओळ बदललेली.

बाबांच्या गोळीचं मेस्कलिन होत नाही, हे उघड आहे. पण मेस्कलिन सेरोटोनिनच्या ज्या 5-एचटी2ए रिसेप्टरवर काम करतं, त्याच रिसेप्टरला शांत करणारं पिमाव्हान्सेरिन 2016 मध्ये अमेरिकेत पार्किन्सन्समधल्या भासांसाठी मंजूर झालं. वाटा वेगळ्या, पण मधलं एक स्टेशन सारखं.

असो. ती गोळी बंद केल्यावर मुलं कमी झाली, गेली नाहीत. आता लेवोडोपा कमी करायचं का, हा प्रश्न होता. डॉक्टर म्हणाले, "त्यांना त्रास होत नसेल तर घाई नको. कमी केलं तर हालचाल मंदावेल."

मी गेले आठ दिवस मनात तक्ते मांडत होतो. किती डोस, किती कंप, किती भास. कुठेतरी बरोब्बर आकडा असणारच, असं वाटत होतं. आणि ज्यांचा प्रश्न होता त्यांना विचारायचं मात्र राहूनच गेलं होतं.

काल विचारलं. "बाबा, ती मुलं खरी नाहीत, माहितीये ना तुम्हाला?"

"माहितीये रे. थोडा वेळ बसतात, जातात. कुणाला त्रास देत नाहीत." मग कप स्वतःच्या हाताने उचलत म्हणाले, "हे मात्र जाऊ देऊ नकोस."

गोळी आहे तेवढीच ठेवली आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा बघू.