कांजूरचे कातळराव

कांजूरमार्ग स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडा. लालबहादूर शास्त्री मार्ग ओलांडला आणि पवईच्या अंगाला चढ लागला, की एका जुन्या रहिवाशाची गाठ पडते. तासलेल्या टेकडीच्या कडेला, नव्या टॉवरच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यात, काळेकभिन्न, मांडी ठोकून बसलेले. हे कातळराव. शास्त्रातलं नाव बेसाल्ट. आज जागचे हलत नाहीत म्हणून त्यांना बैठ्या स्वभावाचे समजू नका. तरुणपणी ते वाहत आले आहेत.

घराणं दख्खनचं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत होता. आज हिंदी महासागरात जिथे रियुनियन बेट आहे, तिथल्या तप्त जागेवरून तो गेला आणि हे घराणं जन्माला आलं. एवढं वाटून-झिजूनही आज सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर त्यांच्या नावावर आहेत. मुंबईकडची पाती त्यात धाकटी.

राग? होता तर. पण आकांडतांडव करण्याचा नव्हे. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि हजार अंशांहून तापलेला रस त्यांतून वर आला. सिलिका कमी, म्हणून रस पातळ. आतले वायू फारशी खळखळ न करता निघून जायचे. कातळराव संतापले की ओरडत नसत, चालू लागत. मालाड-मढकडचे त्यांचे चुलतभाऊ नेमके उलटे. सिलिका जास्त, रस चिकट, वायू आत कोंडलेले. असे लोक राखेसकट फुटतात.

आणि चालायचे तरी किती! या घराण्याच्या काही शाखा पार आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत पोचल्या. इतका लांबचा प्रवास गार न होता कसा जमला? सगळी करामत कातडीची. लाव्हा बाहेर आला की त्याचा वरचा थर हवेनं लगेच थिजतो, दुधावर साय धरावी तसा. ती साय उष्णता आत राखते. मागून नवा रस येतच असतो. तो खालून शिरतो, साय उचलतो, प्रवाह फुगत जातो. मग पुढच्या कडेला कुठेतरी कातडी फाटते, एक लालभडक पाऊल बाहेर पडतं, तेही थिजतं, पुन्हा फुगतं. बाहेरून थंड, आत धगधगते. मला या गृहस्थांचं सगळ्यात जास्त कौतुक आहे ते याच गुणाचं.

एका दमात सगळं उरकायची मात्र सवय नाही. एक प्रवाह पसरला की दीर्घ विश्रांती, तेवढ्यात पृष्ठभाग कुजून लाल मातीचा थर, मग त्यावर दुसरा प्रवाह. सह्याद्रीच्या पायऱ्या या अशा मुक्कामांच्या आहेत.

थोडा नखराही आहे. तो पाहायला अंधेरीला जा. गिल्बर्ट हिलवर यांनी उभ्या खांबांचा, साधारण 60 मीटर उंचीचा पोशाख केला आहे. लाव्हा निवताना आकसतो, आकसताना तडकतो, आणि ते तडे आत आत जात बहुकोनी खांब कापतात. भोवतालची खदान त्यांना कुरतडत आली होती. 2007 मध्ये महापालिकेनं वारसा दर्जा दिला, हे फार बरं झालं.

पवईच्या खदानींनी यांना सुरुंगानं फोडलं, खडी करून मुंबईच्या भिंतींत घातलं. तरी तक्रार नाही. पाऊस मात्र यांना सोसत नाही. हजारो पावसाळ्यांत कातळाचा मुरूम होतो, मुरमाची माती होते, आणि उतारावर ती भिजून जड झाली की घसरते. 2021च्या जुलैत शेजारच्या विक्रोळीत, सूर्यानगरला दरड कोसळली आणि झोपेतली माणसं गेली. उतारावर घर बांधणाऱ्याला दुसरी जागा मिळत नाही, तिथे दोष कातळरावांवर टाकता येत नाही.

भेटायला जाल तेव्हा ताजा कापलेला कडा निवडा. दगडात बारीक भोकं दाटीनं दिसली, तर तो त्या प्रवाहाचा माथा. वायूचे बुडबुडे वर चढता चढता तिथे अडकले. काही भोकांत पांढरे झिओलाइटचे स्फटिक बसलेले असतील, नंतर पाझरलेल्या पाण्यानं आणून ठेवलेले. खाली घट्ट, बिनभोकाचा भाग लागला की समजा, तिथे ते सगळ्यात उशिरा निवले.