बंदूक की बाय?

मामाने फोनवर एकच प्रश्न विचारला. "भाचेबुवा, दोष बंदुकीत आहे की बायमध्ये, एवढंच मला सांग."

बाय म्हणजे माझी मामेबहीण. वय वर्षं सोळा. दिघाशीतल्या घरामागे जो जुना गोठा आहे, तिथे ती दहा मीटर एअर रायफलचा सराव करते. गुरं विकल्यावर गोठा नुसताच पडून होता. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२मध्ये कैरोत याच प्रकारात जगज्जेता झाला आणि मामाने टेप घेऊन गोठा मोजला. बारा मीटर भरला. २०२४मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ मिळवलं, तोवर बायकडे सेकंडहँड रायफल आलीसुद्धा होती.

या खेळात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. साठ छर्रे मारायचे, एकाला जास्तीत जास्त १०.९ गुण, म्हणजे एकूण ६५४. बाय घरी ६१२-६१५पर्यंत जायची. गेल्या जूनपासून ती घसरली आणि ६००च्याही खाली आली. निवड चाचणीला दीड महिना उरला होता. मामा रोज संध्याकाळी वही घेऊन तिच्या मागे उभा राहायचा आणि प्रत्येक छर्रा लिहून ठेवायचा. वहीतून उत्तर निघेना, तेव्हा त्याने इंजिनियर भाच्याला बोलावलं.

मी ऑफिसातल्या एका मित्राच्या ओळखीने जुना क्रोनोग्राफ मिळवला. छर्ऱ्याचा वेग मोजणारं हे यंत्र अगदी साधं असतं. एका पट्टीवर एक फूट अंतरावर दोन सेन्सर, दोन्ही आकाशाकडे बघणारे. छर्रा पहिल्यावरून गेला की उजेड क्षणभर कमी होतो आणि घड्याळ सुरू होतं. दुसऱ्यावरून गेला की बंद होतं. अंतर भागिले वेळ, झाला वेग. बायच्या रायफलचा छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटर जायला हवा, म्हणजे ते एक फूट तो पावणेदोन मिलिसेकंदांत पार करणार. सेन्सरवर पांढऱ्या प्लॅस्टिकचे दोन पडदे लावायचे असतात. आमच्या यंत्राचे हरवले होते. मला वाटलं, ते पावसापासून बचावासाठी असतील.

शनिवारी दुपारी मामी कोंबड्या डालून आली, पोरांना घरात कोंडलं, अंगणाच्या टोकाला वाळूच्या गोण्या रचल्या. गोठ्यात अंधार, म्हणून यंत्र पडवीच्या कडेला ठेवलं. तीन वाजले असतील. बाय एकेक छर्रा मारत होती आणि मी मोठ्याने आकडे वाचत होतो. १७३. १४८. १७१. २०९. मग एरर. मग १५१. परत १७३.

मी तिथेच निकाल दिला. रायफलमधला हवेचा दाब सांभाळणारा रेग्युलेटर गेलाय, वेग दर वेळी वेगळा येतोय, मग छर्रा एका जागी लागणार कसा? मामाचा चेहरा मोकळा झाला. बायमध्ये दोष नव्हता. रविवारी तो दुरुस्तीच्या खर्चाची चौकशी करून आला आणि सोमवारी मामीच्या दोन बांगड्या पतपेढीत तारण ठेवल्या. मी ठाण्याला परत आलो होतो. आपण काहीतरी उपयोगी केलं, असं वाटत होतं.

मंगळवारी रात्री बायचा मेसेज आला. सोबत वीस-पंचवीस फोटो, सगळे कागदी टार्गेटचे, प्रत्येकावर तारीख. खाली एवढंच, "दादा, बंदूक खराब असती तर भोकं वर-खाली झाली असती ना? ही तर चारी बाजूंना आहेत."

मी गणित मांडलं. १७३च्या वेगाने दहा मीटर जायला छर्ऱ्याला सेकंदाचा साधारण सतरावा भाग लागतो. तेवढ्यात तो दीड-पावणेदोन सेंटिमीटर खाली येतो. वेग १४५पर्यंत उतरला, तर आणखी सात मिलिमीटर खाली. टार्गेटवरची वर्तुळं अडीच-अडीच मिलिमीटरवर असतात. म्हणजे माझे आकडे खरे असते, तर भोकं तीन वर्तुळं खाली घसरलेली दिसली असती आणि उभी रांग झाली असती. फोटोत तशी रांग कुठेच नव्हती. जेवढी वर-खाली, तेवढीच डावी-उजवी.

पुरावा पोरीने महिनाभर तारखेसकट जपला होता. मी तो मागितलाच नव्हता. माझ्याकडे यंत्र होतं ना!

ती रात्र मला झोप लागली नाही. कामावर मी रोज हेच करतो. सर्व्हर पडल्याचा अलार्म वाजला तर आधी अलार्म तपासायचा, मग सर्व्हर. इथे मात्र मामीच्या बांगड्या ठेवेपर्यंत अलार्म तपासायचं सुचलं नव्हतं. मामाला फोन करून रायफल पाठवू नकोस म्हणालो. तो म्हणाला, "म्हणजे दोष बायचा?" मी म्हटलं, शनिवारी येतो.

या वेळी आधी उजेडाशिवाय वेग मोजायचा होता. त्याची रीत २८० वर्षांपूर्वीची आहे. बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १७४२मध्ये ती पुस्तकात मांडली. टांगलेल्या लाकडी लंबकावर गोळी मारायची आणि लंबक किती झुलला त्यावरून गोळीचा वेग काढायचा. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनियर म्हणून भारतात आला आणि १७५१मध्ये तमिळनाडूतल्या कडलूरजवळ, फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.

आम्ही एका डब्यात ओली माती ठासली, वाण्याकडून २०० ग्रॅम तोलून आणली आणि गोठ्याच्या आढ्याला एक मीटर दोरीने टांगली. छर्ऱ्याचं वजन अर्ध्या ग्रॅमच्या थोडं वर. वेग १७३ असेल तर डबा साडेचौदा सेंटिमीटर मागे जायला हवा. १४८ असेल तर साडेबारा, २०९ असेल तर साडेसतराच्या पुढे. मागे पट्टी धरली आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं. दहा छर्रे. प्रत्येक वेळी डबा चौदा ते पंधराच्या मध्ये. मामी दारात उभी राहून बघत होती. तिला आकडे सांगावे लागले नाहीत, डबा दर वेळी तिथेच जाऊन परत येतोय हे तिला दिसत होतं.

मग यंत्राकडे वळलो. त्याच पडवीत, त्याच वेळी. ऊन होतं, मधूनच ढग येत होते. या वेळी मी आकड्याशेजारी उजेडही लिहिला. वीस छर्ऱ्यांनंतर वही बघितली आणि हसू आलं. ढग असताना सगळे आकडे १७१ ते १७४. ऊन पडलं की गोंधळ. मला उलटं वाटलं होतं, की भरपूर ऊन म्हणजे यंत्राला चांगलं दिसणार.

कारण कळलं ते खाली वाकून बघितल्यावर. पडवीच्या वळचणीची सावली यंत्राच्या बरोबर मधून जात होती. एक सेन्सर उन्हात, दुसरा सावलीत. वर आंब्याची फांदी हलत होती, त्यामुळे कधी हा उन्हात, कधी तो. सावलीतल्या सेन्सरला छर्रा बरोबर माथ्यावर आला की दिसतो. उन्हातल्या सेन्सरला दिसते ती छर्ऱ्याची तिरकी सावली. तीन वाजता सूर्य माथ्यावरून तीसेक अंश कललेला, छर्रा सेन्सरच्या दहा सेंटिमीटर वरून जाणारा, म्हणजे सावली जवळपास सहा सेंटिमीटर सरकणार. यंत्र एक फूट धरून भागाकार करतंय आणि खरं अंतर कधी छत्तीस सेंटिमीटर, कधी पंचवीस. म्हणून १४८, म्हणून २०९. ढग आला की सगळं आकाशच एक सारखा दिवा होतं आणि दोन्ही सेन्सर एकच गोष्ट बघतात. हरवलेले पांढरे पडदे हेच काम करतात. यंत्रासाठी एक छोटा ढग तयार करतात.

बायने कामट्या वाकवून त्यांवर बटर पेपर ताणला. ऊन असो, ढग असो, आकडे १७०च्या वर आणि १७५च्या आत राहू लागले. रात्री गोठ्यात ट्यूबलाइटखाली मात्र पुन्हा एरर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तसला दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्यांना ते कळत नाही, सेन्सरला कळतं आणि छर्रा नसतानाही तो दचकतो. मग थर्माकोलच्या खोक्याला दोन्हीकडून भोकं पाडली, वर बॅटरीवर चालणारी एलईडी पट्टी चिकटवली आणि यंत्र आत ठेवलं. तीस छर्रे, सगळ्यात कमी १७१, सगळ्यात जास्त १७४. बंदूक ठणठणीत होती.

मामाने वही मिटली. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे बायच."

बाय रायफल पुसत होती. तिने मान वर केली नाही. मला वाटलं होतं की बंदूक निर्दोष ठरली की काम संपलं. पण मामाचा प्रश्नच असा होता की एकाला सोडलं की दुसरा आपोआप दोषी ठरायचा. मी आठवडाभर यंत्राचा उजेड शोधत होतो आणि या उजेडात ही पोरगी उभी होती.

मी तिला विचारलं, सकाळचे कागद आहेत का? होते. मे महिन्यापर्यंत ती पहाटे एकटी सराव करायची. जूनमध्ये कॉलेज सुरू झालं, सराव संध्याकाळी गेला, मामा कामावरून घरी असायच्या वेळेला. तेव्हापासून वही. तिने कागद जमिनीवर दोन ओळींत मांडले. मामाने स्वतःच वाकून पाहिलं.

"बाबा, तुम्ही मागे पान उलटलंत की मला ऐकू येतं," ती म्हणाली. "छर्रा सुटायच्या आधी मी तुमच्या पेनाची वाट बघते."

आणि गेल्या दोन शनिवारी मीही मागे उभा होतो, आकडे मोठ्याने वाचत.

हेच एकमेव कारण होतं, असं मी म्हणणार नाही. कॉलेजचा प्रवास आहे, दमणूक आहे, सोळाव्या वर्षी आणखी शंभर गोष्टी असतात. एकदा घाईत निकाल देऊन झालाय. पण मामाने वही कपाटात ठेवली. पुढच्या आठवड्यात बांगड्या सोडवल्या, व्याज मी भरलं. मामी नको म्हणत होती. मी म्हटलं, ही माझ्या चुकीची फी आहे.

रविवारी पहाटे पाचला जाग आली. गोठ्यातून आवाज येत होता, फट्, मग मोठा थांबा, मग फट्. मामा पडवीत चहा घेऊन बसला होता, गोठ्याकडे पाठ करून. मी उठायला लागलो तर त्याने हातानेच खाली बस अशी खूण केली. दोघंही मोजत नव्हतो.