मंत्राची किंमत

जादूगाराशी मैत्री जरूर करावी. पण लढाईच्या दिवशी त्याच्या शेजारी तलवार घेऊन उभे राहू नये. आपण म्यानातून पाते बाहेर काढेपर्यंत तो दोन शब्द पुटपुटतो, बोट रोखतो आणि समोरचे दहा-बारा शत्रू राख होतात. मग पाते पुन्हा म्यानात घालावे, घाम आलेला नसताना कपाळ पुसावे आणि ‘वा!’ म्हणावे, एवढेच आपल्या हाती उरते.

हे मी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाविषयी बोलतो आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन या दोघांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती चारपाच माणसे बसतात. कोणी योद्धा होतो, कोणी चोर, कोणी जादूगार. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, आणि पुढे काय घडायचे ते निम्मे बोलण्यावर नि निम्मे फाशांवर ठरते. आमच्या रविवारच्या मंडळीत सूत्रधाराचे काम माझ्याकडे असते. याला पोरखेळ म्हणून हसणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण मोठ्या माणसांना तीन तीन तास एकमेकांचे बोलणे ऐकत बसवणारा दुसरा खेळ मला तरी अजून सापडलेला नाही.

या खेळाचे जुने दुखणे म्हणजे जादूगार. त्याचा ‘फायरबॉल’, म्हणजे आमचा अग्निगोल, हा मंत्र पाचव्या पायरीवर मिळतो. आठ फासे टाकायचे. बेरीज सरासरीने २८ येते. हा मार एकाला नव्हे, २० फूट त्रिज्येत सापडेल त्या प्रत्येकाला. कोणी चपळाईने अंग चोरलेच तर निम्मा. त्याच पायरीवरचा योद्धा दोन घाव घालतो, आणि दोन्ही बसले तरी एकाच शत्रूला १५-२० चा मार लागतो. गंमत अशी, की हा पक्षपात नियमांच्या पुस्तकातच दिसतो. २०१४ च्या सूत्रधाराच्या पुस्तकात नवे मंत्र रचण्यासाठी एक कोष्टक आहे. त्यात या दर्जाच्या, अनेकांना भाजणाऱ्या मंत्राला सहाच फासे सांगितले आहेत. घरच्या लाडक्याच्या ताटात दोन लाडू जास्त!

सुरुवातीला असे नव्हते. म्हणजे मंत्र दांडगे होते, पण त्यांची किंमतही तशीच होती. जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० च्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातले जादूगार मंत्र पाठ करतात, आणि तो एकदा उच्चारला की मनातून पुसला जातो. गायगॅक्सने ही कल्पना उचलली. कर्णाला ऐन वेळी अस्त्राचा मंत्र आठवला नाही तो गुरूच्या शापामुळे. या खेळातल्या जादूगाराला तो शाप रोजचाच झाला. शिवाय जुन्या नियमांत अग्निगोल सुमारे ३३,००० घनफूट जागा भरून काढी. दहा फूट रुंद, दहा फूट उंच भुयारात तो टाकला तर आग ३३० फूट पसरणार. त्यातली निम्मी मागे, म्हणजे टाकणाराच्याच दाढीपर्यंत! अंगात दुप्पट वेग आणणारा ‘हेस्ट’ हा मंत्र ज्याच्यावर टाकावा त्याचे वय एका वर्षाने वाढे. अशी खोट असली, की माणूस मंत्र उच्चारण्यापूर्वी एकदा आवंढा गिळतो.

पुढे या अटी जाच वाटू लागल्या आणि एकेक करून गळाल्या. २००० सालच्या नियमांत ‘हेस्ट’ने वय वाढेनासे झाले, उलट जादूगार एका फेरीत दोन मंत्र टाकू लागला. तो उपद्रव २००३ मध्ये आवरावा लागला. २००८ साली सर्वांना एकाच मापाने शक्ती वाटल्या. समता आली, पण मग योद्धा कोण नि जादूगार कोण, हे ओळखू येईना, अशी ओरड झाली. २०१४ मध्ये फरक परत आला, आणि त्याबरोबर एकाग्रतेची अट. टिकून राहणाऱ्या बहुतेक मंत्रांपैकी एका वेळी एकच धरता येतो, आणि मार बसला तर तोही सुटू शकतो. अग्निगोल मात्र क्षणात पेटून क्षणात संपतो. त्याला ही अट लागत नाही.

आमच्यातला योद्धा दोन बस बदलून येतो. त्याने कधी तक्रार केली नाही. आणि तक्रार न करणाऱ्या माणसाचीच मला जास्त काळजी वाटते. लढाई जुंपली की तो चहाच्या कपबशा गोळा करायला उठे. एकदा चपला घालताना म्हणाला, “पुढच्या रविवारी नसलो तर चालेल ना? तसं माझ्यावाचून काही अडत नाही.”

‘मंत्रावर बंदी घाल,’ असे एकाने सुचवले. मला ते पटेना. जादूगार होणारी आमची मैत्रीण पहिल्या चार पायऱ्या एकेका फटक्यात आडवी होत, याच योद्ध्याच्या पाठीमागे लपत चढली होती. तिच्या हाती आलेले फळ काढून घेणे हा न्याय नव्हे. मग मी हिशेब मांडला. २०१४ चे नियम असे धरून चालत, की खेळातल्या एका दिवसात सहा ते आठ चकमकी होतील. आमच्याकडे एक लढाई, की लगेच मुक्काम! पाचव्या पायरीवर अग्निगोल दिवसातून दोनदा, फार तर तीनदा टाकता येतो. सगळे एकाच लढाईत उडवायला मिळाले, तर जादूगार कुबेरच दिसणार. महिन्याचा पगार एका संध्याकाळी उधळला, तर कारकूनही संस्थानिक दिसतो.

मी मंत्राला हात लावला नाही; दिवस लांबवला. तो एक दिवस तीन रविवार चालला. तिसऱ्या रविवारी दरोडेखोर गावाच्या धान्याच्या कोठारात शिरले. पोत्यांत साऱ्या गावाचा हिवाळा भरलेला. तिच्यापाशी एकच अग्निगोल उरला होता. तिने आठ फासे मुठीत घेतले.

“कोठार पेटेल ना?” तिने विचारले.

“पेटेल,” मी म्हणालो.

तिने फासे खाली ठेवले आणि योद्ध्याकडे पाहिले. “तू जा. मी दार अडवते.”

त्याने हातातली कपबशी तशीच टेबलावर ठेवली. पुढचा अर्धा तास कोणी मोबाइलकडे पाहिले नाही. कोठार वाचले, योद्धाही वाचला, पण जेमतेम. निघताना पुढच्या रविवारी किती वाजता जमायचे, हे त्यानेच विचारले.

मला वाटते, बळ जास्त असल्याने खेळ बिघडत नाही. त्या बळाला दुसऱ्या कोणाची गरज उरली नाही, की बिघडतो. कर्णाजवळची इंद्राची शक्ती एकदाच सुटणार होती, म्हणून ती कोणावर सुटते याची काळजी कृष्णालासुद्धा होती. ती रोज सुटणारी असती, तर महाभारत पहिल्या दिवशीच आटोपले असते, आणि ते ऐकायला कोणी थांबले नसते.

अग्निगोल आमच्या टेबलावर अजून आहे, त्याच आठ फाशांसह. महिन्यातून एखाद्या वेळी तो पडतो, आणि पडतो तेव्हा सर्वांत मोठ्याने योद्धाच ओरडतो.